तिसऱ्या मजल्यावरची टोपली

आजींचे गुडघे गेले तेव्हा मुलाने त्यांच्याशी एक करार केला. "आई, जोवर तू तुझी भाजी स्वतः घेतेस तोवर इथे राहा. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं." बॅगही त्यानेच आणून ठेवली. मुलाचं घर चांगलं होतं. तिथे आजींना कशाची ददात पडली नसती, आणि कशात विचारलंही गेलं नसतं.

आजींनी करार मान्य केला, कारण त्यांच्याकडे टोपली होती. जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते, त्यामुळे दोरीची गाठ पक्की बसायची. सकाळी भाजीची हातगाडी खिडकीखाली आली की टोपली खाली सुटायची, तळाशी रुमालात बांधलेले पैसे. भाव तिसऱ्या मजल्यावरून व्हायचा, म्हणून तो साऱ्या गल्लीला फुकटात कळायचा.

"वांगी कशी आहेत रे?"

"लोण्यासारखी, आजी."

"कालही लोणीच म्हणालास. आत अळीचं बिऱ्हाड निघालं."

किडकी वांगी त्याच टोपलीतून खाली जात आणि त्यांच्या बदल्यात चांगली वर येत.

मग गल्लीची सुधारणा झाली. रस्ता रुंद झाला, हातगाड्यांना बंदी आली. खिडकीखाली केकचं दुकान आलं आणि त्याला खेटून औषधांचं. साखर वाढवायची आणि उतरवायची सोय एकाच भिंतीला टेकून झाली. पालकाची जुडी मात्र दोन बसथांबे पलीकडे गेली. शेजारीण कधीमधी कांदे-बटाटे आणून देई, त्यावर आजी दिवस काढू लागल्या. मुलाचा फोन आला की म्हणत, "घेते ना भाजी," आणि त्याच्या सर्दीची चौकशी सुरू करत.

पुढे केकचं दुकान बसलं आणि त्याच जागी काचेच्या दाराचं, थंडगार हवेचं भाजीचं दुकान उघडलं. "आता तरी खरं बोलाल मुलाशी," शेजारीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी टोपली सोडली. ती काचेच्या दारासमोर येऊन लोंबकळली. दार आपोआप उघडलं. टोपली आत जाईना, म्हणून मिटलं. पुन्हा उघडलं.

रखवालदाराने वर पाहिलं. "आजी, आत यावं लागेल."

"आत येता आलं असतं तर हिला कशाला पाठवलं असतं?"

एवढ्यात हिरवा एप्रन घातलेला एक माणूस बाहेर आला. तो खिडकीखालचा जुना हातगाडीवाला होता. दुकानाने त्याला भाजीवर पाणी मारायला ठेवलं होतं. ओरडायचं नाही आणि भावाचं बोलायचं नाही, या अटीवर. त्याने आतून भाजी उचलून आणली. हाताच्या जुन्या सवयीने टोमॅटो भरले, शेंगा भरल्या, वर दोन मिरच्या टाकल्या आणि दोरीला हिसका दिला. टोपली वर गेली.

मग मॅनेजरबाई धावत आल्या. वजन नाही, स्टिकर नाही, बिल नाही. "आजी, टोपली खाली सोडा. आमच्याकडे असलं चालत नाही."

आजींनी दोरी दोन्ही हातांनी धरून ठेवली. ही भाजी परत गेली असती तर बॅगच भरावी लागली असती.

"चालतं की, बाई," हातगाडीवाला एप्रनकडे बघत पुटपुटला. "आत आपणही टांगलीच आहे."

ते खरंच होतं. फळांच्या वर दोरीला वेताची टोपली टांगली होती, तीत प्लास्टिकचे टोमॅटो, आणि खाली पाटी: 'जुन्या दिवसांचा ताजेपणा'. गिऱ्हाइकं तिथेच उभी राहून फोटो काढत. बाईंनी आतल्या टोपलीकडे पाहिलं, मग वरच्या, आणि मुख्य कचेरीला फोन लावला. कचेरीला कल्पना इतकी आवडली की ती कचेरीचीच ठरली. आजींच्या टोपलीला पाटी लागली. सकाळी थोडा वेळ प्लास्टिकचे टोमॅटो घेऊन दारात लोंबायचं, मग वजन करून, स्टिकर लावून खरी भाजी मिळायची. घासाघीस बंद.

आठवड्याभरात मुलाचा फोन आला. "आई, तुझी टोपली सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतेय. टोमॅटो काय सुरेख आहेत."

"ते प्लास्टिकचे."

"आणि खरे?"

"खरे मऊ निघाले. आत्ताच परत खाली सोडलेत."

खाली काचेचं दार उघडत मिटत होतं. "आजी, मी लोण्यासारखे म्हणालोच नव्हतो," कोणीतरी अट विसरून ओरडलं.

मुलाला करार आठवला. "मग बॅग?"

"तिच्यात कांदे ठेवलेत," आजी म्हणाल्या. "फोन ठेव आता, दोरी ओढायचीय."