ग्रीक ट्रॅजेडी, मुक्काम लालबाग

नाटक होतं एकदाच, पण त्याचे किस्से वर्षभर पुरतात. आमच्या चाळीतल्या हौशी नाट्यमंडळाचं तर असं झालंय, की नाटकं विसरलो आणि नुसते किस्से उरले. दोघं चहाला बसले की तिसरा येऊन विचारतो, "देव लटकला होता ते सांगितलंस का यांना?" म्हणून एकदा सगळं ओळीने सांगूनच टाकतो. मी मंडळाचा प्रॉम्प्टर. विंगेत उभा असल्यामुळे मला पुढचंही दिसतं आणि मागचंही.

दिग्दर्शक सावंतकाका, रिटायर्ड शाळामास्तर. तीस वर्षं गंभीर नाटकं बसवतायत आणि तीस वर्षं लोक हसतायत. एकदा त्यांच्या नाटकात म्हातारी मेली, तर पहिल्या रांगेतून वन्समोअर आला. यंदा चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार, मंडळी कोणी विरारला, कोणी बदलापूरला. त्यामुळे हौशी स्पर्धेतलं हे आमचं शेवटचं नाटक. काकांनी ग्रीक पद्धतीची ट्रॅजेडी स्वतःच लिहून काढली. गर्विष्ठ राजा, त्याच्या हट्टापायी मुलगा जातो, मग राणी जाते. "अडीच हजार वर्षं लोक याला रडतायत," काका म्हणाले. "लालबागकर किती टिकतील? मला एकदा, फक्त एकदा, थिएटरात हुंदका ऐकायचाय."

पहिल्या दिवशी लेक्चर झालं. नाटक, लोकशाही, डॉक्टरांची शपथ, ऑलिंपिक, आज जे काही चाललंय ते सगळं ग्रीकांकडून आलं म्हणे. परबवहिनी गवार मोडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, शापित घराणं, सूड, हरवलेला मुलगा, हे तर आमच्याकडे रोज साडेसातला लागतं, वर साड्याही बघायला मिळतात. काका म्हणाले, तेही ग्रीकांकडूनच आलं.

परब राजा आणि वहिनी राणी. घरी भांडतात तसंच स्टेजवर भांडायचे, त्यामुळे त्यांना तालीम फारशी लागलीच नाही. भांडण पेटलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. ग्रीक नाटकात कोणी लोकांसमोर मरत नाही. आत मरतात आणि मग दूत बाहेर येऊन बातमी सांगतो. वहिनींना हे पटेना. नाटकभर नवऱ्याचं ऐकून घ्यायचं आणि मरायचं मात्र आत जाऊन, हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं. परब म्हणाले, निदान दूत तरी येतोय, आपल्याकडे बाई आजारी पडली तर कळत पण नाही. यावर वहिनी दोन दिवस तालमीला आल्या नाहीत.

मग कोरस. ग्रीक नाटकात दहा-बारा म्हातारे एकत्र बोलतात. आमच्याकडे असे म्हातारे तयारच होते, सगळे मालवणकडचे. त्यांचा पुढारी तात्या गावडे. चाळीत कुठलंही कार्य असो, देवापुढे गाऱ्हाणं तात्यानेच घालायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी एका सुरात "व्हय महाराजा" म्हणायचं. जन्माची सवय. तालमीत तात्याने खर्जात सुरुवात केली, "या घराण्यावर शाप आहे."

"व्हय महाराजा!"

"राजपुत्र रणांगणात मरणार आहे."

"व्हय महाराजा!"

काकांनी विनवण्या केल्या, ओरडून पाहिलं, एकेकाला वेगळं घेऊन समजावलं. एकेकटे असले की सगळे शहाण्यासारखे बोलायचे. तात्या पुढे उभा राहिला की पुन्हा तेच. शेवटी काकांनी संहितेतच तसं लिहून टाकलं.

देवाचा किस्सा त्यानंतरचा. ग्रीक नाटकात शेवटी देव वरून खाली उतरतो. आम्ही गणपतीच्या कारखान्यातून चेनपुली आणली आणि मंडळातल्या सगळ्यात हलक्या माणसाला, शिरोडकरला, देव केलं. रविवारी सकाळी त्याला वर चढवलं आणि चेन धरणाऱ्यासकट सगळे चहाला गेलो. अर्ध्या तासाने आम्ही परतलो, तर देव हवेत फिरत फिरत बायकोला फोनवर सांगत होता, "मी लटकलोय, तुम्ही जेवून घ्या." काकांनी देव कापला.

कोरसचे मुखवटे आमच्या गल्लीतल्या मूर्तिकाराने केले. त्याला म्हटलं, दुःखी चेहरे हवेत. तो म्हणाला, आयुष्यभर प्रसन्न चेहरे केले, आता हात तसा वळत नाही, फार तर राक्षस करून देतो. आम्ही प्रसन्न घेतले. डोळे मात्र त्याने रिवाजाप्रमाणे शेवटच्या दिवशी आखले, थेट दादरच्या थिएटरच्या मेकअपरूममध्ये. काय डोळे होते! फक्त बघायला भोकं नव्हती. त्यामुळे स्पर्धेच्या प्रयोगात अकरा गोड चेहऱ्यांचे म्हातारे एकमेकांचे खांदे धरून आले, चाचपडत राजाच्या सिंहासनाला धडकले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "व्हय महाराजा!"

थिएटर कोसळलं. लोक पोट धरून हसत होते. काका विंगेत माझ्याजवळ डोकं धरून बसले. तेवढ्यात कळलं, की दूत करणाऱ्याचा घसा बसलाय, आवाजच फुटत नाही. मदतीला आलेल्या कांबळेला आम्ही अंगरखा घालून, राणी गेल्याचं राजाला सांग एवढंच बजावून पुढे ढकललं. कांबळे कधी नाटकात उभा राहिलेला नाही. परळच्या एका इस्पितळात तो वॉर्डाबाहेर नातेवाइकांशी बोलायचं काम करतो.

मी प्रॉम्प्ट दिला, "हे राजन, घोर अनर्थ!" कांबळेने ऐकलंच नाही. तो हळूच परबांजवळ गेला. "जरा बसून घ्या," तो म्हणाला. "सोबत कोणी आहे का तुमच्या?"

परब बसले. हसणं बंद झालं.

"बाई गेल्या," कांबळे म्हणाला. "मी जवळच होतो. शेवटी तुमचं नाव घेतलं त्यांनी."

परबांना दीड पानाचा विलाप होता. त्यातला एक शब्द त्यांना आठवला नाही. ते कांबळेच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग झग्यात तोंड खुपसून रडायला लागले, अगदी घरी रडावं तसे. थिएटरात कोणी हलेना. तेवढ्यात माझ्या शेजारून मेलेली राणी धावत स्टेजवर गेली. परबांचं डोकं तिने पोटाशी धरलं.

"अहो, गप्प बसा," वहिनी म्हणाल्या. "मी आहे ना इथे."

मी घाबरून पडद्याच्या दोरीला हात घातला. काकांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"थांब रे," ते म्हणाले. "लोक रडतायत."