उत्सर्जन प्रमुख

बाळाजी घरत एकतीस वर्षं एका कारखान्याच्या पॉवरहाऊसमध्ये कामाला होते, आणि त्या एकतीस वर्षांत ते कशाचेही प्रमुख नव्हते. खाडीपलीकडचा कारखाना, कोळशावर चालणारा बॉयलर आणि बॉयलरपाशी बाळाजी. किती कोळसा आत गेला, किती राख बाहेर आली, हे दर तासाला वहीत लिहायचं आणि अधूनमधून बाहेर येऊन चिमणीकडे बघायचं. धूर काळा दिसला की आत जाऊन हवा वाढवायची. धूर दिसेनासा झाला की काम उत्तम. फोरमन बदलत गेले, दर वेळी आधीच्याहून तरुण येत गेले. बाळाजी अटेंडंटच राहिले. निवृत्त होताना मिळालेल्या घड्याळावरही नाव 'बालाजी' असं पडलं होतं.

म्हणून यंदा फेब्रुवारीत ग्रामपंचायतीचा शिक्का असलेलं पत्र आलं आणि त्यात आपल्या नावापुढे 'प्रमुख' हा शब्द दिसला, तेव्हा त्यांनी ते आधी उभ्याने वाचलं आणि मग बसून वाचलं. त्यांची बायको आवडाबाई ओटीवर पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घालत होती.

"काय लिवलंय?"

"मना प्रमुख केलाय."

"कशाचा?"

बाळाजींनी पुन्हा नीट पाहिलं. "उत्सर्जनाचा."

हा शब्द त्यांना नवा नव्हता. सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात उत्सर्जन संस्थेचं चित्र होतं, आणि त्या पानावर हसल्याबद्दल अख्ख्या वर्गाने छड्या खाल्ल्या होत्या. पत्रात पुढे लिहिलं होतं, 'आपले गाव निव्वळ शून्य उत्सर्जनाकडे नेण्यासाठी घरोघरी नोंद करावी. देशाचे उद्दिष्ट सन २०७०.'

"निव्वळ शून्य?" आवडाबाईंनी हातातली वेणी खाली ठेवली. "म्हंजे कोनी जायाचाच न्हाय?"

"सत्तर सालापर्यंत मुदत हाय."

"मंग तवर धरून ठेवायचा?"

बाळाजी हसले नाहीत. त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी सकाळी सकाळी खाजणाकडे टमरेल घेऊन जाणाऱ्यांना अडवायला सरकारी पथक येत असे. त्या पथकाने बाळाजींना गाठून हातात गुलाबाचं फूल दिलं होतं आणि फोटो काढला होता. घरात नवा संडास होता, पण आवडाबाईंनी त्यात वालाची पोती ठेवली होती. हे बाळाजी कोणाला सांगणार? तेव्हापासून चारचौघांत ते कडेला बसत. आता गावाने त्यांना बोलावून प्रमुख केलं होतं. हे काम नीट पार पडलं तर ते फूल लोक विसरतील, असं त्यांना मनापासून वाटलं. आणि यातही हसं झालं, तर पुन्हा कडेलासुद्धा बसवणार नाही.

पत्रासोबत कोरे फॉर्म होते. स्रोत, दररोजचं प्रमाण किलोमध्ये, शेरा. सरपंच विनिताला विचारून खात्री करता आली असती. पण प्रमुखाने पहिल्याच दिवशी जाऊन आपण कशाचे प्रमुख हे विचारणं बाळाजींना बरं दिसेना. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि निघाले.

पहिलं घर शेजारच्या नीराबाईचं. ती मासळी विकते आणि गावात तिच्याएवढ्या मोठ्याने कोणी हसत नाही.

"घरात मानसं किती?"

"तीन."

"रोजचा उत्सर्जन?"

नीराबाईने पत्र मागून घेतलं, एक एक अक्षर लावत वाचलं आणि शिक्का बघून गंभीर झाली. "दादा, किलोत सांगायचा?"

"सरकारनं किलोतच मागितलाय."

"माजा काटा मासळीचा हाय. तो मी देयाची न्हाय."

"अंदाजानं सांग."

बाळाजींनी फॉर्ममध्ये एक रकाना स्वतःहून आखला होता, 'आत किती'. पॉवरहाऊसची सवय. आत काय गेलं ते लिहिल्याशिवाय बाहेरच्या आकड्याला अर्थ नाही, हे ते एकतीस वर्षं पाळत आले होते. त्यांनी लिहिलं, 'आत : तांदूळ दीड किलो, मासळी विकून उरेल ती. बाहेर : अंदाजे एक किलो. शेरा : काटा देण्यास नकार.'

अशी एकशे बेचाळीस घरं त्यांनी नऊ दिवसांत केली. लोक आधी लाजले. मग शिक्का बघून दार लोटून घेऊन खरं खरं सांगू लागले. कोणाला बद्धकोष्ठ, कोणाला मूळव्याध, कोणाचा जावई चार दिवस राहून गेल्यामुळे आकडा वाढलेला. बाळाजींनी सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

दहाव्या दिवशी पंचायतीत सभा भरली. अलिबागहून मृणाली नावाच्या तरुण अधिकारी आल्या होत्या. त्यांनी पहिला फॉर्म मोठ्याने वाचायला घेतला. "स्रोत, सासरे. प्रमाण, पाऊण किलो. शेरा, मुलगा मुंबईस, सुट्टीत वाढ." पुढचं त्यांनी मनात वाचलं. मग दुसरा फॉर्म, मग तिसरा. मग त्यांनी पाणी मागवलं.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "हे कार्बनचं होतं. कोळसा, लाकूड, डिझेल जळल्यावर जो वायू हवेत जातो, त्यालाही उत्सर्जन म्हणतात. तो कमी करत करत, उरलेला झाडांनी वगैरे शोषून हिशोब शून्यावर आणायचा. चूल, मोटारसायकल, विजेचं बिल, हे विचारायचं होतं."

नीराबाईने तोंडात पदर कोंबला, पण उपयोग झाला नाही. सभा हसून लोळायची बाकी राहिली. बाळाजी उभेच होते. त्यांचे कान लाल झाले होते, पण एक शब्द त्यांना टोचत होता.

"विजेचा बिल कशाला? विजेला धूर कुठं असतो?"

"आपली बरीचशी वीज कोळशाचीच आहे ना, काका. धूर तिकडे निघतो."

"मी कोळशावरच होतो. माज्या चिमणीला धूर नसायचा."

"जो दिसत नाही तोच मोजायचा आहे. एका पाळीला कोळसा किती जायचा?"

"चाळीस टन. राख चौदा."

"मग बाकीचा?"

एकतीस वर्षं बाळाजींनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले होते आणि वजाबाकी एकदाही केली नव्हती. "सव्वीस," ते म्हणाले. "वर गेला."

"हवेतला प्राणवायू त्यातल्या कार्बनला चिकटला की त्याचे साधारण साठ होतात."

"गेला सव्वीस आनि झाला साठ?" बाळाजी खुर्चीत बसले. चिमणीवरचं ते स्वच्छ निळं आकाश ते रोज कौतुकाने बघत होते. मग ते विनिताला म्हणाले, "पोरी, मना यातून काढ."

विनिताने मृणालीबाईंकडे पाहिलं.

"अकरा गावांचे फॉर्म आलेत," मृणालीबाई म्हणाल्या. "दहा गावांचे एकाच बैठकीत चहा पिऊन भरलेले दिसतात. सगळी घरं पायी फिरलेले हे एकटेच. आणि आत किती गेलं ते विचारलं पाहिजे, हे फॉर्म काढणाऱ्यालाही सुचलं नव्हतं."

तरी सभेत चुळबुळ होतीच. तेव्हा नीराबाई डोळे पुसत उठली.

"दादाला काढायचा न्हाय," ती म्हणाली. "सगल्या गावाच्या पोटातला त्या फॉर्मांत हाय. नवीन मानूस आनला तर त्यो फॉर्म वाचील का न्हाय?"

याचा विचार प्रत्येकाने आपापल्या फॉर्मपुरता केला. हात भराभर वर झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाजी नवे फॉर्म घेऊन नीराबाईच्या दारात उभे राहिले.

"दादा, आज वरचा का खालचा?"

"वरचा. लाइटबिल आन."

तिने बिल आणलं. मासळीसाठी तिच्याकडे मोठा फ्रीझर होता. बाळाजींनी युनिट बघितले, कागदावर गुणाकार केला, पुन्हा एकदा केला. "दोनशे दहा युनिट. म्हंजे महिन्याला दीडशे किलो कोळसा."

"माज्या घरात?"

"तुज्या फ्रीझरात."

नीराबाई आत गेली. फ्रीझरचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग लावल्याचा. बाहेर येऊन ती उंबऱ्यावर बसली.

"दादा, आत नुसतं बोंबील हायेत."

"बस जरा," बाळाजी म्हणाले आणि तिच्यासमोर पायरीवर टेकले. "पयल्यापासून सांगतो."