लाल बाजूची हवा

आईला एसी सोसत नव्हता आणि भर पावसात एसीशिवाय काचेतून रस्ता दिसत नव्हता. या दोन गोष्टींच्या मध्ये आईचा पाय अडकला होता.

खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, व्यायामात खंड पडू देऊ नका, पाय आखडला तर पुढं वॉकरसुद्धा कामाला येणार नाही. व्यायाम घेणाऱ्या बाई भोसरीत आणि आई चाकणच्या पुढं, माझ्या माहेरच्या गावी. भाऊ फर्स्ट शिफ्टला. आमच्या ह्यांना न्यायला कंपनीची बस येते, त्यामुळे गाडी दिवसभर सोसायटीत उभी असते. मी म्हटलं, मी नेते. लायसन काढलंय ते काय कपाटात ठेवायला?

ह्यांनी चावी दिली ती सूचनांसकट. आतलीच हवा फिरवायचं बटण कायम दाबलेलं ठेव, चाकणची धूळ आत नको. एसी उगाच लावू नकोस, पेट्रोल खातो. आणि काच धुरकटली की फडकं आहे. आमच्या घरात हा नेमच आहे, पावसात शेजारी बसेल त्यानं काच पुसत राहायची. आईही बिचारी पुसायची. पण तिचा हात तिच्या बाजूपुरता पोहोचायचा, माझ्यासमोर सगळं दुधाळच. मी एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्यानं फडकं धरून वाटेवरच्या मोशीच्या गर्दीतनं गाडी काढायची.

एकदा तिथंच पुढचा ट्रेलर थांबलेला मला दिसलाच नाही. दिसला तो अगदी नाकासमोर. ब्रेक लागला म्हणून वाचलो. मी चिडून एसी फुल केला. काच साफ झाली, पण आई कुडकुडायला लागली. पदर, शाल, मागच्या सीटवरचा टॉवेल, सगळं गुंडाळून झालं तरी तिची थंडी जाईना.

घरी पोचल्यावर ती कॉटवर बसली आणि म्हणाली, "खुब्यात नुसती कळ मारतीया. उद्यापास्नं येऊ नगंस. मी न्हाई येनार."

भाऊ शिफ्टवरून आलेला. तो म्हणाला, "ताई, जाऊ दे ना आता. वय झालंय तिचं. घरातल्या घरात हिंडली तरी बास हाय."

घरातल्या घरात! माझ्या डोक्यात तिडीक गेली. गेल्या उन्हाळ्यापर्यंत ही बाई कांद्याची चाळ भरताना गड्यांना दम देत उभी राहायची. तिनं आता कॉटवरून मोरीपर्यंत जायचं आणि त्यातच समाधान मानायचं? भावावर ओरडून उपयोग नव्हता, त्याला शिफ्ट होती. आईवर ओरडणार कशी, तिला खरंच दुखत होतं. राहता राहिली गाडी. म्हटलं, हिलाच सरळ करते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक पातेलं पाणी खळखळ उकळलं आणि झाकण ठेवून खाली घेऊन गेले. बाहेर भुरभुर होती. गाडी उघड्यावर चालू ठेवली, इंजिन तापू दिलं, पातेलं शेजारच्या सीटपुढं खाली ठेवलं, काचा लावल्या आणि झाकण काढलं. सगळी गाडी वाफेनं भरली, काच मोशीतल्यासारखी दुधाळ झाली. मग एकेक बटण फिरवायला घेतलं. लातूरकडचा आमचा वॉचमन छत्री घेऊन आला, काचेवर टकटक करून म्हणाला, "ताई, गाडीत चहा करायलात की काय?"

"हो, दूध घेऊन या," मी म्हटलं आणि काच परत वर घेतली.

पहिला साक्षात्कार झाला तो ह्यांच्या लाडक्या बटणाचा. ते दाबलेलं असलं की आतली ओली हवाच आत फिरते आणि काच आणखी धुरकटते. ते मी सोडून दिलं. मग हवा पायाकडे आणि काचेकडे जाईल असा गोल खटका फिरवला. एसी लावला, काच निवळायला लागली, पण गारठा होताच. शेजारी आणखी एक खटका होता, अर्धा निळा, अर्धा लाल. गाडी घेतल्यापासून तो निळ्यावरच होता. आमच्याकडे लाल बाजूला हात लावायची वेळ कुणावर येते? एसी चालू ठेवूनच मी तो लालकडे फिरवला. वाटलं होतं, एकतर एसी बंद पडेल नाहीतर काहीतरी जळेल. तसं काही झालं नाही. पायाशी ऊब यायला लागली आणि काच खालून वरपर्यंत लख्ख झाली. एसी हवा कोरडी करत होता, हीटर तीच हवा तापवत होता. पंखा लावून गोधडी घेऊन झोपणाऱ्या माणसांना हे आधीच सुचायला हवं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "एसी आणि हीटर एकदम? वेड लागलंय का?"

"लागलंय," मी म्हटलं.

सकाळी आईच्या दारात जाऊन उभी राहिले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी म्हटलं, "एकदाच गाडीत बस. थंडी वाजली तर तिथनंच माघारी आणते आणि परत कधी म्हणणार नाही." माझ्या तोंडून गेलं खरं. आई शब्दाला पक्की आहे, मलाही तिनं शब्द पाळायला लावला असता.

चाकण सोडलं आणि पावसानं झोडपायला सुरुवात केली. काच कडेनं धुरकटली. आईनं सवयीनं फडकं उचललं.

"राहू दे," मी म्हटलं आणि खटके फिरवले.

मोशीच्या अलीकडे समोरचा टँकर स्वच्छ दिसायला लागला. मी तिच्याकडे बघत नव्हते, बघायची हिंमत नव्हती. थोड्या वेळानं तिनं शाल खांद्यावरून काढून मांडीवर ठेवली.

"चुलीपुढं बसल्यावानी वाटतंय," ती म्हणाली. मग सावकाश एक चप्पल काढून दुखरा पाय तिनं हवेच्या तोंडाशी सरकवला.

त्या दिवशी तिनं सगळे व्यायाम केले, बाईंशी भांडत भांडत केले.

परतलो तेव्हा पाऊस होताच. भाऊ ओसरीत वाट बघत होता, आम्हाला पाहून छत्री घेऊन धावत आला आणि तिला उचलायला वाकला. तिनं त्याचा हात बाजूला केला. "छत्री धर नुसती." वॉकर पुढं टाकत, थांबत, पुन्हा टाकत ती अंगणातून निघाली. मी गाडीचं दार उघडायला हात नेला आणि मागे घेतला. वायपर चालू होते, काच साफ होती, तिचं एकेक पाऊल मला दिसत होतं. उतरून तिला धरावं असं फार वाटत होतं. मी उतरले नाही.

ओसरीच्या पायरीवर तिनं आधी चांगला पाय ठेवला, मग दुखरा. मग वळली आणि पावसातनं मला ऐकू यावं म्हणून मोठ्यांदा ओरडली, "उद्या कवा येतीस?"