काटा पंच्याण्णववर होता

सकाळी साडेसहाला आमचा कॉन्वॉय लडाखमधल्या बेसवरून निघाला. सतरा गाड्या, सर्वांत शेवटी आमची. मी हवालदार, गाडीचा कमांडर. ड्रायव्हर शिपाई दत्ता. तो रहिमतपूरचा, मी कडेगावचा, त्यामुळं केबिनमध्ये बोलणं गावाकडचंच.

"उस्ताद, तुमच्याकडं ऊस लय, पन च्या पांचट."

"आन तुमच्याकडं रं?"

"आमच्याकडं मानसंच ग्वाड."

खिंडीच्या अलीकडं, पाच हजार मीटरवर, रेडिएटरचा पाइप गळायला लागला. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. इंजिन बंद केलं. दत्तानं पाइपला पट्टी गुंडाळली. इंजिन थंड ठेवणारं कूलंट निम्मं गळून गेलं होतं; वरून कॅनमधलं साधं पाणी भरायचं होतं.

रेडिओ वाजला. "शेवटची गाडी, खिंड लवकर बंद होतेय. कधी निघता? ओव्हर."

"दहा मिनिटं. ओव्हर."

११:५०. काटा पंच्याण्णववर उतरला.

"झाकण उघड," मी म्हणालो.

"आजून फुसफुसतंय वो. थांबूया जरा."

"पाणी शंभरला उकळतं. कोयनेच्या घाटात मी किती वेळा उघडलंय. भितोस व्हय रं?"

भितोस म्हटल्यावर त्यानं हाताला फडकं गुंडाळलं.

शंभर हा आकडा समुद्रसपाटीचा. तिथं वर हवेचा दाब जवळजवळ निम्मा. उघडं पाणी त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीलाच उकळतं. झाकणाच्या आतल्या दाबानं ते धरून ठेवलं होतं. झाकण फिरलं, दाब सुटला, पाणी एकदम उसळून वर आलं. तोंड, गळा, छाती. ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं होतं. मी ऐकलंही होतं.

हवामान खराब. हेलिकॉप्टर आलं नाही. चौथ्या दिवशी दत्ता गेला.

चौकशीत मी सांगितलं, "त्यानं न विचारता उघडलं." तेच कागदावर राहिलं, तेच रहिमतपूरला पोचलं.

रिटायर झालो तरी कुकरची शिट्टी झाली की मी उठून अंगणात जातो. बायकोनं कारण विचारणं सोडून दिलं.

गेल्या महिन्यात रहिमतपूरला गेलो. दत्ताचे वडील दारात बसले होते. म्हणाले, "पोरगं उतावळं आमचं. थांबायचं म्हाईतच न्हवतं त्याला."

मी सगळं सांगितलं. काट्यासकट.

त्यांनी विचारलं, "मंजी, त्यो थांबूया म्हनला व्हता?"

"व्हय, आबा."

"मग आत चला. त्याच्या आईम्होरं परत सांगा."

मी चपला काढल्या आणि आत गेलो.

शिपाई दत्ता थांबूया म्हणाला होता. हुकूम माझा होता.