फ्यूज मामांच्या खिशात

आमच्या हिच्या मामांचा या जगात कशावरही विश्वास नाही, आणि विजेच्या बटणावर तर मुळीच नाही. एसटीच्या पाटीवर 'वाशी' असं ठळक लिहिलेलं असलं तरी ते कंडक्टरला विचारतात, ड्रायव्हरला विचारतात आणि आत बसल्यावर शेजारच्या प्रवाशालाही विचारतात. दूध उतू गेलं नाही असं मामींनी सांगितलं तरी उठून पातेल्यात डोकावतात. ढोकीकडच्या साखर कारखान्यात वायरमन म्हणून त्यांची उभी हयात गेली. निवृत्त होऊन कळंबजवळच्या वाशीला राहायला गेले, पण खिशातला टेस्टर काही निवृत्त झाला नाही. आहेरात शर्ट मिळाला तर कापड बघायच्या आधी ते त्याचा खिसा बघतात.

नात्यात कुणाचा पंखा बिघडला की मामा हजर. पण आल्या आल्या पंख्याला हात लावतील तर शपथ. आधी खाली सतरंजी टाकून उताणे पडायचं आणि पाव तास त्याच्याकडे नुसतं बघायचं. मग घरच्यांची उलटतपासणी. "ह्याच्या आधी कधी तापला हुता का? आवाज कसा करतोय, कण्हल्यागत का घासल्यागत?" एवढं झालं की मीटरपाशी जाऊन चिनीमातीचा पांढरा फ्यूज उपसायचा, शर्टाच्या खिशात टाकायचा आणि मगच स्टुलावर चढायचं. "बटण काय, कुणीबी दाबतंय जावई," ते मला सांगायचे, "माझ्या खिशातला फ्यूज कोण दाबतंय?" तत्त्व बिनतोड होतं. अडचण एवढीच की काम झाल्यावर तो फ्यूज परत बसवायचा असतो, हे त्यांच्या दर वेळी लक्षात राहीलच असं नसे. कळंबला माझ्या साडूंकडे ऐन बारशाच्या दिवशी त्यांनी पंखा दुरुस्त केला, तेवढ्यात गाडीची वेळ झाली म्हणून धावत सुटले, आणि फ्यूज वाशीला गेला. बाळाला आळीपाळीनं पत्रावळीनं वारा घालत आम्ही बारसं उरकलं. संध्याकाळच्या गाडीनं कंडक्टरच्या हाती रुमालात बांधलेला फ्यूज परत आला, सोबत निरोपही होता: पंखा आता झकास चालंल.

या गोष्टीवर मी पुढं कितीतरी वर्षं हसत होतो. गेल्या उन्हाळ्यात मात्र माझं हसू थांबलं.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आम्ही उमरग्याच्या घरी तिच्या खाटेच्या वर नवा पंखा लावला, दिवा असलेला. पंखा छान फिरे, पण दिवा काही पुरता विझेना. बटण बंद केलं तरी आतून मिणमिणत राही. बल्ब काढून ठेवावा तर तो पंख्यातच बसवलेला. आईचा डोळा लागेना. "त्यो मेला माझ्याकडं बघत बसतोय रे," ती म्हणायची. मी बटण दोनदा बदललं, काही उपयोग नाही. शेवटी मामांना फोन केला. "उद्या येतो. तवर कुणी वर चढायचं न्हाय," त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मामा आले नाहीत. गुडघा ठणकतोय, झोप नाही, आई रडायलाच लागली. मला राहवेना. खाट बाजूला ओढली, बटण बंद केलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि चढलो स्टुलावर. तारा झाकणारी वरची वाटी सैल करून तारेला हात घालणार, इतक्यात कुणीतरी माझा पायजमा धरून मला खाली खेचलं. मामा! दोन गाड्या बदलून आलेले, घामानं निथळलेले, पायातल्या चपला तशाच.

"मामा, बटण बंद आहे!" मी चिडून ओरडलो.

मामा स्वतः वर चढले, वाटी सरकवली आणि तारेला टेस्टर टेकवला. टेस्टर लख्ख पेटला.

मी खाटेच्या कडेवर बसलो.

"तारा उलट्या जोडल्यात," मामा वरूनच म्हणाले. "तुमचं बटण परतीची तार तोडतंय. करंट वरच बसून हाय. म्हणून तर दिवा मिणमिण करतोय." मग फ्यूज खिशात गेला आणि तासाभरात तारा सरळ झाल्या. या खेपेला फ्यूज त्यांनी आठवणीनं परत बसवला. दिवा दहा वेळा लावून, दहा वेळा विझवून पाहिला. तोवर आई गाढ झोपली होती.

"मामा, तुम्ही आज नसता तर..."

"तर आईकडं कोण बघितलं असतं?" मामा खेकसले, आणि चपला काढायला बाहेर गेले. त्यांचे हात थरथरत होते.

ते हात आता रोजच थरथरतात. मामींनी स्टूल माळ्यावर टाकलंय. परवा आमच्या पंख्याचा वरचा स्क्रू सैल झाला, तेव्हा मी वाशीला फोन लावून, स्पीकर सुरू करून तो आईच्या हाती दिला.

"फ्यूज कुठंय?" मामांनी विचारलं.

"माझ्या खिशात."

"हात लावून बघा."

"आहे, मामा."

"मग चढा. उतरल्यावर सांगा. तवर म्या फोन ठेवत न्हाय."

स्क्रू आवळायला दोन मिनिटं लागली. फोनमधून मामांचा श्वास ऐकू येत होता. काम झालं होतं, तरी मी थोडा वेळ स्टुलावर तसाच उभा राहिलो.