जॉब पुसल्यावर आलेले फोन

भुतंखेतं, संकेत वगैरे मी कधीच मानले नाहीत. देव मानते, तेही बॅकअप घेऊन... मी डेटाबेस सांभाळते. काहीही घडलं की त्याची कुठेतरी नोंद सापडतेच, हा माझा धर्म. म्हणूनच हे लिहायला हात धजत नव्हता.

मी ग्वाल्हेरची. इथल्या कंपू भागातल्या ज्या हॉस्पिटलात मी नोकरीला आहे, ते एका मोठ्या हॉस्पिटलात विलीन झालं. दोन्हीकडचे सर्व्हर एक करायचे ठरले. नावडतीचं मीठ अळणी — आमच्या जुन्या सिस्टीममधलं सगळंच कचरा ठरलं. ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या जॉब्जची टेबलं साफ करायचं काम माझ्याकडे आलं. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. पुसा म्हणाले, पुसत गेले.

नियम सोपा होता. नावात 'टेस्ट' असेल तो जॉब उडवायचा. पण आमच्याकडची रीत अशी, की टेस्टसाठी बनवलेलं एकदा चालायला लागलं की कुणी त्याचं नावसुद्धा बदलत नाही. "चल रहा है ना? चलने दो!" हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी न बघता पुसलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्यावर कळलं — त्यातला एक जॉब डायलिसिसच्या पेशंटना सकाळी मेसेज पाठवायचा. आणि नेमकं त्याच दिवसापासून डायलिसिस कंपूतून शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतीत हलवलं होतं. वेळही अलीकडे आणली होती. एकही मेसेज गेला नव्हता.

त्या पेशंटांत माझे बाबा होते. ते दाल बाजारात माझ्या भावाकडे राहतात आणि मेसेज आल्याशिवाय घरातून निघत नाहीत. मागे एकदा डायलिसिस चुकलं, तेव्हा श्वास कोंडून आयसीयूत गेले होते. फोन लावला, कुणी उचलेना. स्कूटर काढली आणि नवी इमारत गाठली. वाटेत भीतीसुद्धा वाटली नाही, याचंच आता वाईट वाटतं.

तिथे सगळ्या खाटा भरलेल्या!

"मैडम, आज तो सब टाइम से पहले आ गए," टेक्निशियन खुशीत म्हणाला.

सराफ्यातल्या एक आजी मला बाबांमुळे ओळखतात. त्यांना विचारलं, इथे यायचं कुणी सांगितलं?

"लो! बेटा, तुम्हीं ने तो सुबह फोन किया था."

शेजारच्या खाटेवरच्यांनीही तेच सांगितलं. बाबांना लावलेला तो फोन सोडला, तर माझ्या मोबाईलवरून एकही कॉल गेलेला नव्हता. हॉस्पिटलच्या लाईनी मी नंतर तपासल्या, तिथूनही नाही.

बाबा कोपऱ्यात, मशीनला लावलेले.

"बाबा, सकाळी मी फोन केला नव्हता."

"असं कसं? तूच तर लावला होतास. पत्ता दोनदा सांगितलास. मी काय तुझा आवाज नाही ओळखणार?"

त्यांनी मोकळ्या हाताने माझा हात धरला.

"मी तुला काही विचारलं नाही गं तेव्हा. तू इतकी रडत होतीस..."

आई गेल्यापासून मी एकदाही रडलेले नाही. अजूनही नाही. मग बाबांशी फोनवर रडत कोण बोललं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.