शेवटचं कडवं हळू

आमचे आप्पा गिरणीत मागावर होते. मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढली आणि कान गेले. भजनात लोक टोमणे मारायला लागले, "आप्पा, देव बहिरा न्हाय हो!" आप्पा हसायचे, पण घरी येऊन गप्प बसायचे. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, आणि त्यांना एकच काळजी. नातवंडाला आपला पाळणा ऐकू कसा जाणार? स्वतःचा आवाज अजून छातीत कळत होता तोवर त्यांना तो ठेवून जायचा होता.

तेवढ्यात मुंबईहून गाण्यांच्या तबकड्या भरणारे साहेब सोलापुरात उतरले. भजन ऐकून त्यांनी आप्पांना बोलावलं, आप्पांनी पाळणाच भरायचा हट्ट धरला, आणि मी मागं लागून त्यांच्याबरोबर गेले.

आप्पांचा पाळणा म्हणजे मधे जोरात हाक, आणि शेवटचं कडवं इतकं हळू की बाळाला कळूही नये. पोर झोपलं की हळूच म्हणायची आमच्याकडची रीतच.

पहिल्या खेपेला आप्पा माइकसमोर उभे राहून गायला लागले, पण हाकेवर मेणाच्या ताटलीवर आवाज कोरणारी सुई उसळली आणि शेजारच्या रेघेत घुसली. ताटली बाद. साहेब माझ्या तोंडून आप्पांना सांगायला लागले, "वरचं खाली आणा, खालचं वर काढा. सगळं एका आवाजात म्हणा. हळू म्हटलंत तर सुईच्या खरखरीत बुडेल."

आप्पा बिचारे आज्ञाधारक. दुसऱ्या खेपेला सगळा पाळणा त्यांनी एकाच उंचीवर म्हटला, शेवटचं कडवंसुद्धा. साहेब खूश. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"वाजवून दाखवा," मी म्हटलं.

"बाई, मेण मऊ असतं. एकदा वाजवलं की ही ताटली गेली. मग माझ्याकडे तुमच्यासाठी एकच कोरी उरेल."

"वाजवा."

वाजवली. हजेरी घेतल्यासारखा पाळणा! आप्पांना ऐकू आलं नाही, पण माझं तोंड त्यांनी बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की बरी ताटली मी माझ्या हट्टानं घालवली.  आता ही शेवटची बिघडली तर साहेब दुपारच्या गाडीनं जाणार, आणि पुढच्या वर्षी आप्पांना स्वतःचा आवाज छातीत तरी कळेल का?

मी आप्पांच्या मागं उभी राहिले, सातवा महिना सांभाळत, आणि त्यांच्या अंगातली कोपरी पाठीवर घट्ट मुठीत धरली. कानाशी ओरडले, "आप्पा, तुमी तुमच्या मनासारखं म्हणा. माइकपुढं मागंपुढं सरकवायचं माझ्यावर सोडा."

साहेब म्हणाले, "अहो, हे काय?" मी लक्षच दिलं नाही.

हाक जवळ आली की मी खस्सकन दोन पावलं मागं ओढायची. कडवं उतरलं की पाठीला हात लावून पुढं ढकलायची. आप्पा डोळे मिटून, एक हात छातीवर ठेवून गात होते. हाकेवर सुई थरथरली पण रेघ सोडली नाही. शेवटच्या कडव्याला त्यांचं नाक माइकला टेकायचं बाकी होतं.  साहेबांनी ताटलीवर भिंग धरलं आणि म्हणाले, "निघाली." हुश्श! मी तिथंच फरशीवर बसले, रडू आणि हसू एकदमच आलं.

त्या ताटलीवरून काढलेली तबकडी आली तेव्हा लेक दोन महिन्यांची झाली होती. चहाच्या हॉटेलातला फोनो उसना आणला. तबकडी लागली. आप्पांना हाकच तेवढी पुसट कळली असावी, बाकी काही नाही. ते माझ्याकडं बघत बसले. शेवटचं कडवं आलं, खरखरीतून अगदी बारीक, आणि ऐकायला मी नकळत फोनोकडं वाकले, कान कर्ण्याजवळ नेला.

आप्पांनी ते बघितलं.

"हळूच आलं की गं!" ते म्हणाले, आणि पंच्यानं डोळे पुसायला लागले.